१.७७ कशाचे? गिम्लीच्या विमानाचं प्रकरण आणि ‘राशी’ या शब्दाचा अर्थ

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं १४३ क्रमांकाचं उड्डाण मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. विमान बोइंग ७६७, कंपनीच्या ताफ्यात नव्यानेच आलेलं. आत ६१ प्रवासी आणि ८ कर्मचारी. वाटेत, ४१,००० फुटांवर असताना, इंधन संपत आलं. दोन्ही इंजिनं एकामागून एक बंद पडली आणि विमान मॅनिटोबा प्रांतातल्या गिम्ली या गावच्या जुन्या हवाई तळावर इंजिनाविना उतरवावं लागलं. सगळे वाचले.

वैमानिकांच्या कौशल्याची ही हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे आणि ती सांगण्याजोगीच आहे. मला इथे त्याआधीचा भाग उलगडायचा आहे, विमान जमिनीवर उभं असतानाचा. कागदावर एक गुणाकार, एक वजाबाकी आणि एक भागाकार झाला. तिन्ही आकडेमोडी बिनचूक होत्या, कोणीही पुन्हा करून पाहिल्या असत्या तरी तीच उत्तरं आली असती. तरीही टाक्यांत हवं त्याच्या निम्म्यापेक्षा कमी इंधन भरलं गेलं.

हे प्रकरण सहसा ‘पाउंड आणि किलोचा घोळ’ म्हणून सांगतात. ते चूक नाही, पण अपुरं आहे. घोळ एककांचा झाला हे खरं, पण एककांचा घोळ होऊ शकला कारण त्या कागदावरच्या एका आकड्याला कोणी राशी मानलंच नव्हतं. तो नुसता ‘गुणक’ होता. शाळेत ‘भौतिक राशी’ हा शब्द आपण पाठ करतो, व्याख्येला दोन गुण मिळवतो आणि पुढे जातो. त्या शब्दाच्या पोटात काय आहे ते समजून घ्यायला या विमानाच्या कागदाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

काय घडलं

या विमानात इंधन मोजणारी एक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती. तिच्यात एकमेकींना पर्यायी अशा दोन वाहिन्या होत्या. त्यातली एक सदोष होती, मागाहून सापडलं की आतला एक झाळकामाचा सांधा नीट जुळलेला नव्हता. सदोष वाहिनी बंद ठेवली की दुसरी नीट चाले आणि मापकं दिसत. एडमंटनला एका तंत्रज्ञाने तसंच करून ठेवलं होतं. मॉन्ट्रियलला दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासणीसाठी ती वाहिनी पुन्हा चालू केली आणि ती तशीच राहिली. परिणामी कॉकपिटमधली इंधनाची मापकं कोरी पडली.

नियमानुसार अशा अवस्थेत विमान उडायला नको होतं. पण देखभाल विभागाने परवानगी दिली आहे अशी समजूत झाली आणि इंधन हाताने मोजायचं ठरलं. हाताने मोजणं म्हणजे पंखाच्या खालच्या बाजूने मोजपट्टीवर टाकीतल्या इंधनाची पातळी पाहणं. दोन टाक्यांत ६२ आणि ६४ सेंटिमीटर अशी नोंद झाली. या पातळ्यांवरून पुस्तिकेतल्या तक्त्यात पाहून लिटर काढायचे: ३,७५८ आणि ३,९२४. बेरीज ७,६८२ लिटर.

एडमंटनपर्यंत जायला लागणारं इंधन होतं २२,३०० किलोग्रॅम. आता प्रश्न एवढाच उरला की आणखी किती लिटर भरायचं. त्यासाठी लिटरचे किलो करायला हवेत. इंधन भरणाऱ्यांच्या पावतीवर एक आकडा होता, १.७७. कंपनीच्या इतर सगळ्या विमानांसाठी रोज तोच वापरला जाई. वैमानिक आणि जमिनीवरचे तंत्रज्ञ यांनी तोच घेतला आणि हिशेब असा मांडला:

७,६८२ × १.७७ = १३,५९७
२२,३०० − १३,५९७ = ८,७०३
८,७०३ ÷ १.७७ = ४,९१७

म्हणजे ४,९१७ लिटर भरायचे. तेवढे भरले. ओटावाला थांबल्यावर पातळी पुन्हा मोजली गेली, आणि लिटरचे किलो करताना पुन्हा १.७७ नेच गुणलं गेलं. उत्तर जुळलं. जुळणारच होतं.

राशी म्हणजे नेमकं काय

आता त्या शब्दाकडे येऊ. मराठीत ‘राशी’ म्हटलं की आधी मेष-वृषभ आठवतात, मग धान्याची रास. विज्ञानात या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे: जिचं मोजमाप करता येतं ती राशी. लांबी, वस्तुमान, काळ, तापमान, आकारमान, घनता, वेग, दाब या सगळ्या राशी. मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शब्दकोशातली व्याख्या मराठीत मांडायची तर अशी होईल: घटना, वस्तू किंवा पदार्थ यांचा असा गुणधर्म, ज्याचं मान एक संख्या आणि एक संदर्भ यांनी मिळून सांगता येतं. संदर्भ बहुतेक वेळा एकक असतो. कधीकधी मोजण्याची पद्धतही संदर्भाचं काम करते. धातूची रॉकवेल कठिनता अशीच असते, तिथे कोणत्या टोकाने किती भार देऊन ठसा उमटवला हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो.

या व्याख्येतला ‘मिळून’ हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ मध्ये विद्युत आणि चुंबकत्वावरच्या आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं की कोणत्याही राशीच्या मांडणीत दोन घटक असतात: एक प्रमाण म्हणून घेतलेलं एकक, आणि ते किती वेळा घ्यायचं हे सांगणारी संख्या. म्हणजे ‘७,६८२ लिटर’ याचा अर्थ ७,६८२ गुणिले १ लिटर. मधली रिकामी जागा म्हणजे गुणाकाराचं चिन्हच. एकक ही संख्येला मागून लावलेली चिठ्ठी नाही, तो गुणाकारातला अर्धा भाग आहे. त्यातला एक घटक बदलला तर दुसरा उलट्या प्रमाणात बदलतो, आणि राशी तिथेच राहते. एकच दोरी १ मीटरही असते आणि १०० सेंटिमीटरही. दोरी तसूभरही वाढलेली नसते.

राशी, तिचं मूल्य, संख्या, एकक हे चार शब्द सुटे सुटे ठेवायला हवेत, कारण बोलताना आपण चारही ठिकाणी ‘आकडा’ म्हणून मोकळे होतो. टाकीतल्या इंधनाचं आकारमान ही राशी. ७,६८२ लिटर हे तिचं मूल्य. ७,६८२ ही संख्या. लिटर हे एकक. ‘प्रमाण’ हा शब्द तर आणखी घोळाचा: तो कधी गुणोत्तरासाठी येतो, कधी ‘किती’ या अर्थाने, कधी पुराव्यासाठी. शास्त्रीय मजकुरात ‘इंधनाचं प्रमाण’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला आकारमान कळतं की वस्तुमान, याचं उत्तर लिहिणाऱ्यापाशीही बऱ्याचदा नसतं.

‘राशी’ हा शब्द या अर्थाने काल घडवलेला नाही. त्रैराशिक आपल्याला ठाऊक असतं. भास्कराचार्यांनी इ.स. ११५०च्या सुमारास ‘लीलावती’त त्रैराशिकाचा नियम सांगताना अट घातली आहे की पहिली आणि शेवटची राशी एकाच जातीच्या असाव्यात आणि मधली, म्हणजे फळ, दुसऱ्या जातीची. जात म्हणजे इथे राशीचा प्रकार. संख्या हाताळण्याआधी ती कोणत्या जातीची हे तपासा, असा तो नियम आहे. मॉन्ट्रियलच्या कागदावर नेमकी हीच तपासणी झाली नाही.

हिशेब पुन्हा, या वेळी राशी लिहून

तोच कागद घेऊ आणि प्रत्येक संख्येपुढे ती कशाची आहे ते लिहू. ७,६८२ पुढे लिटर येईल. २२,३०० पुढे किलोग्रॅम येईल. १.७७ पुढे काय?

इथे हात थांबतो, आणि तो थांबणं हेच राशी लिहिण्याचं सगळ्यात मोठं काम आहे. १.७७ ही संख्या या इंधनाची घनता सांगत होती, दर लिटरला १.७७ पाउंड. कंपनीची आधीची विमानं पाउंडांत चालत असल्यामुळे तो आकडा वर्षानुवर्षं बरोबर उत्तर देत आला होता. कॅनडा तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे वळत होता आणि बोइंग ७६७ हे कंपनीच्या ताफ्यातलं किलोग्रॅममध्ये इंधन मोजणारं पहिलंच विमान होतं. पावती मात्र जुनीच.

आता पहिली ओळ अशी दिसते:

७,६८२ लिटर × १.७७ पाउंड प्रति लिटर = १३,५९७ पाउंड

लिटर वर-खाली छेदून गेले, पाउंड उरले. पुढची ओळ लिहायला घेतली की ती लिहिताच येत नाही: २२,३०० किलोग्रॅम वजा १३,५९७ पाउंड. दोन्ही वस्तुमानंच आहेत, जात एक आहे, पण एकक वेगळं असल्यामुळे संख्यांची सरळ वजाबाकी होत नाही. कागद आपणहून अडतो. संख्या सुट्या लिहिल्या तेव्हा मात्र २२,३०० मधून १३,५९७ खुशाल वजा झाले, कारण सुट्या संख्या कोणत्याही दुसऱ्या संख्येतून वजा होतात, त्यांची कशालाच हरकत नसते.

बरोबर मांडणी अशी झाली असती. त्या इंधनाची घनता किलोग्रॅममध्ये दर लिटरला ०.८०३.

७,६८२ लिटर × ०.८०३ किलोग्रॅम प्रति लिटर = ६,१६९ किलोग्रॅम
२२,३०० किलोग्रॅम − ६,१६९ किलोग्रॅम = १६,१३१ किलोग्रॅम
१६,१३१ किलोग्रॅम ÷ ०.८०३ किलोग्रॅम प्रति लिटर = २०,०८८ लिटर

भरायला हवे होते सुमारे २०,०८८ लिटर, भरले ४,९१७. विमान निघालं तेव्हा टाक्यांत सुमारे १०,१०० किलोग्रॅम इंधन होतं. हा आकडा पाउंडांत मांडला तर २२,३०० च्या आसपासच येतो. संख्या बरोबर पोचली होती, राशी पोचली नव्हती.

१.७७ आणि ०.८०३ या दोन संख्यांचा भागाकार करून पाहा: सुमारे २.२०४. एका किलोग्रॅममध्ये इतकेच पाउंड असतात. म्हणजे ‘दर लिटरला १.७७ पाउंड’ आणि ‘दर लिटरला ०.८०३ किलोग्रॅम’ ही एकाच राशीची दोन मूल्यं नावाने वेगळी आहेत इतकंच. त्या इंधनाची घनता एकच होती. कागदावर चुकीची घनता कोणी लिहिली नव्हती. बरोबर घनतेतला अर्धा भाग लिहिला होता.

तो आकडा ‘विशिष्ट गुरुत्व’ कसा झाला

या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा तपशील मला इथे दिसतो. १.७७ ला त्या वर्तुळात ‘विशिष्ट गुरुत्व’ म्हणत. आपल्या पाठ्यपुस्तकांत या राशीला सापेक्ष घनता असंही नाव आहे: पदार्थाची घनता भागिले पाण्याची घनता. वर घनता, खाली घनता, त्यामुळे एककं छेदून जातात आणि उरते निव्वळ संख्या. विशिष्ट गुरुत्वाला एकक नसतंच. ते लिहायला कोणी विसरलेलं नसतं.

म्हणून हे नाव घातक ठरलं. १.७७ ला ‘घनता’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न सहज आला असता, कोणत्या एककात? ‘विशिष्ट गुरुत्व’ म्हटल्यावर तो प्रश्न विचारायची सोयच राहिली नाही, कारण त्या नावाच्या राशीला एकक विचारणं हाच अडाणीपणा ठरतो. एकक असलेल्या राशीला एकक नसलेल्या राशीचं नाव मिळालं आणि तिचा अर्धा भाग अधिकृतपणे गळून पडला. मला वाटतं, इतका साधा आकडा इतक्या जाणत्या माणसांच्या हातून निसटला त्याचं मुख्य कारण हे आहे. त्यांना किलो आणि पाउंड वेगळे असतात हे कळत नव्हतं असं मुळीच नाही.

त्या नावावर खरोखर विश्वास ठेवला असता तर मात्र चूक तिथल्या तिथे दिसली असती. विशिष्ट गुरुत्व १.७७ म्हणजे पाण्याच्या पावणेदोन पटींहून जड द्रव. संहत सल्फ्युरिक आम्ल साधारण १.८४ असतं, ग्लिसरीन १.२६. विमानाचं इंधन केरोसिनच्या जातीचं, ते पाण्यावर तरंगतं, त्याचं विशिष्ट गुरुत्व ०.८ च्या आसपास. पाण्यापेक्षा हलक्या कोणत्याही द्रवाच्या लिटरांचे किलो केले तर संख्या कमीच व्हायला हवी. ७,६८२ लिटरचे १३,५९७ ‘किलो’ झाले, संख्या वाढली, तिथेच शंका यायला जागा होती. राशीची जाण म्हणजे एककं लिहिणं एवढंच नव्हे. तिची खरी किंमत किती असू शकते याचा अंदाज असणंही तिच्यातच येतं.

एका इंधनाच्या तीन राशी

‘टाकीत इंधन किती आहे?’ हा प्रश्न दिसायला एकच आहे. मोजपट्टीने त्याचं उत्तर सेंटिमीटरमध्ये दिलं: ती लांबी. तक्त्याने लिटरमध्ये दिलं: ते आकारमान. वैमानिकाला हवं होतं किलोग्रॅममध्ये: ते वस्तुमान. एकाच पदार्थाबद्दलच्या या तीन वेगळ्या राशी आहेत आणि एकीवरून दुसरीकडे जायला दर वेळी तिसरी राशी लागते. पातळीवरून आकारमानाकडे जायला टाकीचा आकार लागतो, तो तक्त्यात बांधलेला होता. आकारमानावरून वस्तुमानाकडे जायला घनता लागते, आणि ती बांधलेली नव्हती, हाताने आणायची होती. चूक नेमकी या सांध्यावर झाली.

विमानाला वस्तुमान का लागतं हेही सांगायला हवं, नाहीतर सगळं लिटरमध्येच का करत नाहीत असं वाटेल. इंधन जाळून मिळणारी ऊर्जा वस्तुमानावर ठरते. विमानाचं एकूण वजन आणि तोल वस्तुमानावर ठरतो. आकारमान तापमानाबरोबर बदलतं, गरम इंधन पसरतं, त्याच लिटरमध्ये कमी किलो मावतात. जेट इंधनाच्या घनतेला मान्य मर्यादाच १५ अंश सेल्सियसला दर घनमीटरला ७७५ ते ८४० किलोग्रॅम अशी रुंद आहे. म्हणून घनता ही एकदा पाठ करून कायम वापरायची संख्या नाही. ती त्या दिवसाच्या, त्या टाकीतल्या इंधनाची राशी आहे. ‘गुणक’ म्हटलं की ही गोष्टही नजरेआड होते.

यंत्रालाही संख्याच मिळाली

कोणी विचारेल, संगणक होता ना? होता. उड्डाण-संगणकात सुरुवातीचं इंधन हाताने भरता येत होतं आणि तिथे २२,३०० भरलं गेलं. संगणक त्याला किलोग्रॅम मानतो. त्यातून तो जळालेलं इंधन वजा करत राहिला आणि शिल्लक दाखवत राहिला. त्याच्या हिशेबात टाक्या भरपूर भरलेल्या होत्या, इंजिनं थांबेपर्यंत. यंत्राला राशी देता येत नाही, संख्याच देता येते. तिचं एकक यंत्र आधीपासून गृहीत धरून बसलेलं असतं, देणाऱ्याने तेच मनात धरलेलं असेल तर ठीक.

ओटावातली फेरमोजणी मला यापेक्षाही जास्त विचार करायला लावते. तिथे मोजमाप खरंच नव्याने झालं. पण मोजमाप म्हणजे पातळी आणि लिटर, आणि त्यात चूक नव्हतीच. चूक ज्या राशीत होती ती पुन्हा पावतीवरूनच आली. पडताळा घेताना कोणती राशी नव्याने मोजली आणि कोणती तशीच उचलली हे वेगळं लिहिलं नाही, तर दोन वेळा तीच चूक करून आपण निर्धास्त होतो.

हवेतलं गणित

पुढचं थोडक्यात. ओंटारियो प्रांतातल्या रेड लेकच्या वर असताना इंधनाच्या दाबाचे इशारे वाजू लागले. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी विमान विनिपेगकडे वळवलं. इंजिनं बंद पडल्यावर बहुतेक उपकरणंही गेली, वाऱ्याच्या झोतावर फिरणाऱ्या छोट्या टर्बाइनने विमान वळवण्यापुरती शक्ती दिली.

त्या अवस्थेत क्विंटल यांनी एक हिशेब केला. विमानाने १० सागरी मैल जाताना ५,००० फूट उंची गमावली होती. १० सागरी मैल म्हणजे सुमारे ६०,७६० फूट. दोन्ही लांबीच, एकाच एककात आणल्यावर भागाकार सुमारे १२. म्हणजे १ फूट खाली येताना विमान १२ फूट पुढे जातं. ही खरीखुरी एककहीन राशी: वर लांबी, खाली लांबी, उरली संख्या, आणि ती फुटात मोजा की मीटरमध्ये, तीच राहते. १.७७ ला हे जमलं नसतं. एकक बदललं की ते ०.८०३ होतं, आणि जी संख्या एकक बदलल्यावर बदलते तिच्यामागे एकक लपलेलं असतंच. ही कसोटी इतकी सोपी आहे की कोणत्याही ‘गुणका’ला ती लावून पाहावी.

उत्तरावरून कळलं की विनिपेग गाठता येणार नाही. क्विंटल यांनी पूर्वी हवाई दलात असताना गिम्लीचा तळ पाहिला होता, तिकडे जायचं ठरलं. त्या तळाच्या धावपट्टीचा एक भाग आता कारच्या शर्यतींसाठी वापरला जात होता आणि त्या दिवशी तिथे माणसं होती. पिअर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता. उंची जास्त असल्याचं दिसल्यावर त्यांनी विमान तिरकं धरून घसरवत खाली आणलं. पुढचं चाक नीट अडकलं नव्हतं, ते दुमडलं आणि विमानाचं नाक धावपट्टीवर घासत गेलं, त्याने थांबायला मदतच झाली. खाली कोणालाही इजा झाली नाही. विमानातून घाईने उतरताना काहींना किरकोळ दुखापती झाल्या.

चौकशीने काय पाहिलं

न्यायमूर्ती जॉर्ज लॉकवूड यांच्या चौकशी मंडळाचा अहवाल १९८५ मध्ये आला. त्याने व्यक्तींपेक्षा व्यवस्थेकडे जास्त बोट दाखवलं, आणि माझ्या मते ते योग्यच होतं. जुन्या विमानांत तिसरा माणूस, फ्लाइट इंजिनिअर, इंधनाचा हिशेब करत असे. ७६७ मध्ये दोनच वैमानिक. तिसऱ्याचं काम कोणाकडे गेलं हे कंपनीने स्पष्ट ठरवलं नव्हतं, आणि ज्यांच्याकडे ते येऊन पडलं त्यांना किलोग्रॅममधला हिशेब शिकवलेला नव्हता. कंपनीने आधी दोन्ही वैमानिकांवर आणि काही तंत्रज्ञांवर कारवाई केली होती. पुढे १९८५ मध्ये त्याच वैमानिकांना आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने असामान्य उड्डाणकौशल्याबद्दल गौरवलं. विमान दुरुस्त झालं आणि २००८ पर्यंत सेवेत राहिलं.

एकक बदलणं म्हणजे फलक आणि मापकं बदलणं, असं मानलं गेलं होतं असं या सगळ्यावरून दिसतं. मापकं बदलली. पण राशी माणसांच्या सवयीत, पावत्यांवर, पाठ असलेल्या आकड्यांतही राहतात, आणि १.७७ तिथेच राहिला.

लिहिताना काय करावं

आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीची माहिती-पुस्तिका राशी लिहिण्याचे नियम देते. ते टंकलेखनाचे नियम समजून लोक सोडून देतात, पण या प्रकरणाच्या उजेडात त्यांचा हेतू कळतो. संख्या आणि एकक यांच्यात जागा सोडायची, कारण तो गुणाकार आहे. तक्त्याच्या स्तंभावर राशीचं नाव भागिले एकक असं लिहायचं, उदाहरणार्थ ‘वस्तुमान / किलोग्रॅम’, कारण मूल्याला एककाने भागलं की जी उरते ती संख्या आणि स्तंभात तीच लिहिलेली असते. या रीतीने सुटी संख्याही अनाथ राहत नाही. ‘लागणारे किलो’ किंवा ‘शिल्लक लिटर’ अशी एककालाच विशेषणं लावायची नाहीत. काय लागतं आणि काय शिल्लक आहे हे राशीच्या नावात सांगायचं: लागणाऱ्या इंधनाचं वस्तुमान, शिल्लक इंधनाचं आकारमान. लांबलचक वाटतं खरं, पण हिशेबाची जात तिथेच ठरते.

आणि ‘गुणक’, ‘फॅक्टर’, ‘स्थिरांक’ अशा नावाने फिरणाऱ्या प्रत्येक संख्येला विचारावं की ती कोणती राशी आहे. औषधाचे मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांच्यामध्येही अशीच एक संख्या असते, द्रावणाची संहती, आणि ती बाटलीगणिक बदलते. तिथेही पाठ असलेला आकडा वापरणं म्हणजे कालच्या बाटलीची राशी आजच्या बाटलीला लावणं.

त्या इंधनाच्या पावतीवर १.७७ साठी एक छोटी चौकट होती. तीत राशी लिहायची तर एवढं लागतं. नाव: घनता. मूल्य: ०.८०३ किलोग्रॅम प्रति लिटर. ज्या तापमानाला मोजली ते तापमान. पाउंडच हवे असतील तर १.७७ पाउंड प्रति लिटर, तेही तितकंच बरोबर. आणि ‘विशिष्ट गुरुत्व’ असंच लिहायचं असेल तर ०.८०, पुढे काहीही न लिहिता.